कन्सोलचे डॉक्टर कापाम्ब्वे

एव्हारिस्टो कापाम्ब्वे डॉक्टर नव्हता. कंपाउंडरही नव्हता. तो न्डोला शहरात आत्याकडे राहून कॉम्प्युटरचा कोर्स करायला गेला आणि कोर्स संपायच्या आत आपल्या गावी लुआन्शाला परत आला. शिक्षकाकडे शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं तो सांगायचा. आत्याकडे न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, पोटभर मिळत नव्हती म्हणून आला, असं त्याची बायको सांगायची. दोघांपैकी बायकोवर लोकांचा विश्वास जास्त होता, पण डॉक्टर मात्र लोक त्यालाच म्हणू लागले.

त्याला कारणही तसंच होतं. लुआन्शातल्या आमच्या मिकोम्फ्वा वस्तीत दर दुसऱ्या गल्लीत गेमचा अड्डा आहे. एक टीव्ही, एक बाकडं, एक जुनं कन्सोल आणि फुटबॉलच्या गेमवरून होणारी भांडणं, एवढंच त्याचं भांडवल. खाणीच्या लाल धुळीनं या जुन्या कन्सोलांची डिस्क वाचायची भिंगं आंधळी होतात. डिस्क आत नुसती घरघरते, पडद्यावर काही येत नाही. अशा मेलेल्या कन्सोलवर एव्हारिस्टोकडे उपाय होता. मेमरी कार्डावर एक छोटं सॉफ्टवेअर चढवायचं. मग कन्सोल चालू केलं की ते सॉफ्टवेअर आधी जागं होतं आणि पेनड्राइव्हमधले गेम थेट उघडून देतं. डिस्क नको, भिंग नको. वस्तीच्या लेखी हे मेलेलं माणूस उठवण्यासारखंच होतं.

मेलेलं उठवणारा माणूस थोडे नखरे करणारच. एव्हारिस्टोनं जरा जास्तच केले. कन्सोल आलं की तो आधी त्याच्यावर हात ठेवून डोळे मिटायचा. मग मालकाला विचारायचा, मशीन पडलं होतं का, कुणी त्याच्यासमोर शिवीगाळ केली होती का. मग बायकोचं चितेंगे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं ते फुलाफुलांचं कापड, टीव्हीवरून आणि स्वतःच्या डोक्यावरून ओढून घ्यायचा आणि सगळ्यांना बाहेर घालवायचा. आतून थोड्या वेळानं हुंकार ऐकू यायचे. बाहेर आल्यावर कपाळाचा घाम पुसून तो म्हणायचा, "वाचलं." हे सॉफ्टवेअर आपणच लिहिलंय, असं त्यानं स्वतः कधी सांगितलं नाही. लोकांनी तसं म्हटलं तर मात्र तो नम्रपणे मान खाली घालायचा.

चितेंगेच्या आत काय चालायचं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. आत तो मांडीवर मोबाइल ठेवून कुठल्याशा परदेशी पोराचा व्हिडिओ बघत बसायचा. ते पोर जे बटण दाबेल तेच हा दाबायचा. इतकी वर्षं झाली, इतकी कन्सोलं झाली, तरी कुठल्या पायरीनंतर कुठली आणि का, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. फोल्डरचं नाव मोठ्या अक्षरांतच का लिहायचं, गेमच्या फायली तुकडे न पडता सलग का ठेवायच्या, काही माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. याची मूठ तर चितेंगेखाली होती.

त्याच्यावर डोळा ठेवून असायची ती एकच बाई, बाना कासुबा. कासुबाची आई. खाणकामगारांच्या क्लबच्या कोपऱ्यावर ती वितुम्बुवा तळायची, म्हणजे गुलगुल्यांसारखे गोड गोळे, आणि मागच्या खोलीत तिचा गेमचा अड्डा होता. पेनड्राइव्हमध्ये नवा गेम टाकला की तिचं कन्सोल काळा पडदा दाखवून मख्ख बसायचं. मग डॉक्टरांना बोलावणं आणि त्यांची दक्षिणा आलीच. एकदा तिनं विचारलं, की हा आजार परत परत का होतो. डॉक्टर म्हणाले, मशीनचं रक्त पातळ आहे. तिनं कढईतला झारा हलवत त्यांच्याकडे असं पाहिलं की डॉक्टर त्या दिवशी वितुम्बुवा न खाताच निघून गेले.

मग निवडणूक आली. वॉर्डातले कौन्सिलर सिकाझ्वे यांना तरुणांची अचानक आठवण झाली. खाणकामगारांच्या जुन्या क्लबात त्यांनी गेमची स्पर्धा ठेवली आणि भिंतीला एक दांडगा टीव्ही टांगला. कन्सोलची जबाबदारी अर्थातच डॉक्टर कापाम्ब्वेंवर. एव्हारिस्टोनं सगळी कन्सोलं घरीच तयार करून आणली, लग्नातला कोट घातला आणि पहिल्या रांगेत येऊन बसला. पण कौन्सिलरांना भाषणानंतर टाळ्या कमी पडल्यासारख्या वाटल्या. त्यांनी माइकवरून जाहीर केलं, की आपल्या वस्तीचे शास्त्रज्ञ आता एक मेलेलं कन्सोल सगळ्यांसमोर जिवंत करून दाखवतील.

एव्हारिस्टोच्या तोंडचं पाणी पळालं. तो म्हणाला, चितेंगे आणलेलं नाही. सभागृहातल्या निम्म्या बायकांनी आपापलं चितेंगे देऊ केलं. कौन्सिलर हसले आणि म्हणाले, "आज पडदा नको डॉक्टर. लोकांना बघू द्या."

खिशातला मोबाइल काढायचा कसा? तो काढला असता तर सगळंच संपलं असतं. त्यानं आपलं जुनं कार्ड, ज्याच्या जोरावर आजवर सगळी कार्डं तयार केली होती, ते पहिल्या खाचेत घातलं आणि कोरं कार्ड दुसऱ्या खाचेत. बटण दाबलं. भिंतीवरच्या दांडग्या टीव्हीवर सॉफ्टवेअरचं पहिलं पान उघडलं. हे पान तो रोज बघायचा, पण त्यावर काय लिहिलंय ते त्यानं कधी वाचलं नव्हतं. पुढचं बटण आठवत तो थांबला, तोवर सगळ्या सभागृहानं ते वाचलं. इंग्रजी न येणाऱ्यांसाठी बाना कासुबानं मागून उभं राहून मोठ्यानं अर्थ सांगितला. "लिहिलंय की हे सॉफ्टवेअर फुकट आहे. यासाठी कुणी तुमच्याकडून पैसे घेतले असतील, तर तुम्ही फसला आहात."

आधी कुणीतरी खोकलं, मग कुणीतरी हसलं आणि मग छप्पर उडेल असा हशा झाला. ते पान लवकर जावं म्हणून एव्हारिस्टोनं घाईघाईनं हाताला येतील ती बटणं दाबली. यंत्रानं काहीतरी विचारलं, त्यानं हो म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा हो म्हटलं. पुसून गेलं ते पहिल्या खाचेतलं कार्ड, म्हणजे त्याचं स्वतःचं. डॉक्टरांनी भर सभेत स्वतःच्याच पोटावर सुरी चालवली होती.

कौन्सिलर सिकाझ्वे मात्र तयारीचे. 'फुकट' हा शब्द कानावर पडताच त्यांनी माइक ओढला आणि सांगितलं, की होय, हे आपण जनतेसाठी फुकट केलं आहे, आणि उद्यापासून डॉक्टर कापाम्ब्वे पक्षातर्फे घरोघरी हे काम विनामोबदला करतील. टाळ्या हव्या होत्या तेवढ्या मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी एव्हारिस्टोच्या दारात कन्सोलं घेऊन रांग लागली. कौन्सिलर फोन उचलत नव्हते. कार्ड कोरं झालं होतं, त्यामुळे फुकट सोडाच, पैसे घेऊनही काही करता येत नव्हतं. बायको शांतपणे कापेंटाची बारीक सुकी मासळी निवडत म्हणाली, "वस्तीत तुम्ही तयार केलेली कार्डं पडली आहेत ना? घ्या मागून एखादं."

मागायचं म्हणजे जायचं बाना कासुबाकडेच. बाकी सगळ्यांनी शिव्या दिल्या असत्या, ती निदान आधी खायला देते. तो गेला, उभा राहिला, आणि कोट न घातल्यामुळे एरवीपेक्षा लहान दिसला.

"कार्ड देते," ती म्हणाली. "पण काम इथं, या टेबलावर, सगळ्यांच्या देखत करायचं."

"मला पाठ नाही," तो कसाबसा म्हणाला. "मोबाइलवर बघून करतो मी."

"मग बघून कर. मीही मारिया मावशीच्या मयताला कागद बघूनच भाषण केलं होतं. कुणी मला परत जा म्हणालं का?"

त्या दिवसापासून एव्हारिस्टो बाना कासुबाच्या कढईशेजारी बसू लागला. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवलेला, परदेशी पोर बडबडतंय, आणि हा त्याच्यामागून बटणं दाबतोय. सुरुवातीला बघ्यांची ही गर्दी. आता सगळे शिकतील आणि आपलं पोट मारलं जाईल, या भीतीनं त्याला भूक लागेना. पण शिकलं कुणीच नाही. फायली कॉपी व्हायला लागणारा वेळ बघून लोक जांभया देत उठले आणि बसणावळ, म्हणजे त्याच्या बसण्याच्या वेळेचे थोडे पैसे, देऊन कन्सोल त्याच्याकडेच टाकून जाऊ लागले. फुकटची गोष्टही स्वतः करण्याइतकी फुरसत मिकोम्फ्वात कुणाला नव्हती. डॉक्टर ही पदवी तेवढी गेली. आता सगळे त्याला बाशी मुसोंडा, मुसोंडाचा बाप, असं चारचौघांसारखं म्हणतात. पैसे कमी झाल्यापेक्षा हे त्याला जास्त लागलं. कौन्सिलर निवडून आले.

उघड्यावर तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघताना एव्हारिस्टोच्या डोक्यात मात्र थोडा उजेड पडू लागला. बाना कासुबाच्या पेनड्राइव्हमध्ये जुने गेम खोडून त्याच जागेत नवे कोंबले, की फायलींचे तुकडे पडतात आणि पडदा काळा होतो, हे त्याला एका दुपारी उमगलं. त्यानं पेनड्राइव्ह सगळाच रिकामा केला आणि एकेक गेम ओळीनं भरला. कन्सोल चालू लागलं ते आजतागायत बंद पडलेलं नाही. त्यानं बाना कासुबाला कारण सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे रक्त पातळ नव्हतं," आणि पुढचा घाणा कढईत सोडला.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ कन्सोल घेऊन आले. चांगले कपडे, बुटाला पॉलिश. त्यांनी विचारलं, की फोल्डरचं नाव मोठ्या अक्षरांतच का लिहायचं. बाशी मुसोंडानं विचार केला आणि खरं काय ते सांगितलं, "मला माहीत नाही. लहान अक्षरांत लिहिलं तर चालत नाही, एवढं पाहिलंय."

गृहस्थांनी कन्सोल परत पिशवीत घातलं. पलीकडच्या रोआन वस्तीत एक प्रोफेसर आहेत म्हणे, ते म्हणाले, त्यांना सगळं माहीत असतं. आणि ते टॅक्सी शोधायला गेले.