राजा-राणी हुणसूरला गेले

सांगलीला माझी लेक दिलीय. तिचे सासरे दत्तोबा पहिल्यांदाच मैसूरला आले आणि परत जाताना म्हणाले, "पाव्हणं, काय काय दाखवलंत ते लिहून धाडा. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकात छापू." मी चौथीपर्यंत शिकलेला. माझं मराठी घरातलं, त्यात अर्धं कन्नड. चुका सापडल्या तर छापणाऱ्याच्या समजा.

आमचे पूर्वज मैसूरच्या फौजेत घोड्यावर होते म्हणतात. मी जन्मभर हेब्बाळच्या एका कारखान्याच्या गेटवर स्टुलावर होतो. घराण्याची प्रगती यावरून ओळखा.

सकाळी निघालो तेव्हा माझ्या हातात एक कापडी पिशवी होती. तीत माझ्या बायकोचे, शेवंताचे, पट्टद गोंबे होते. पट्टद गोंबे म्हणजे लाकडी राजा-राणीची जोडी. आमच्याकडे लग्नात मुलीला माहेरहून देतात. दसऱ्यात पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात, त्यात ही जोडी सगळ्यात वर. गल्लीतली पोरं दारात येऊन विचारतात, "गोंबे कूरसिदीरा?" (बाहुल्या बसवल्या का?) बसवल्या असतील तर आत येऊन बघतात, खाऊ घेऊन जातात.

शेवंता गेल्या वर्षी गेली. सुतकाच्या वर्षात सण नसतो, म्हणून जोडी ट्रंकेतच राहिली. या वर्षी ट्रंक उघडली तर दोघं मेली जोडीनं पडलेली, तशीच हसत. मला राग आला. हुणसूर रस्त्यावरच्या येलवाल गावात शाळा आहे, तिथल्या हेडबाईंना फोन केला आणि म्हणालो, ही ब्याद शाळेत ठेवून घ्या. त्या लगेच हो म्हणाल्या. आम्ही येलवालला राहत होतो तेव्हा शेवंता त्याच शाळेत पोरांचं दुपारचं जेवण रांधायची. मीही त्याच शाळेत शिकलो. शिकलो म्हणजे, बसलो.

आधी दत्तोबांना राजवाडा दाखवला. बाहेरून.

"आत कसं आहे वो?" त्यांनी विचारलं.

"भारी आहे."

"तुम्ही बघितलंय?"

"मैसूरचा माणूस आत जात नसतो. आत पाहुणे जातात."

खरं म्हणजे शेवंता दर वर्षी म्हणायची, चला एकदा आतून बघू. मी म्हणायचो, राजवाडा कुठं पळून जातोय? राजवाडा आहे तिथंच आहे.

नंतर लोणी डोसा खाल्ला. दत्तोबांनी सांबारात गूळ आहे का विचारलं, मी ठामपणे नाही म्हणालो. वाढपी म्हणाला, "आहे." चामुंडीचा डोंगर मी त्यांना टेबलावरूनच बोटानं दाखवला. माझे गुडघे तिथवर पोचत नाहीत.

हुणसूरच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि माझ्या अंगात गाईडचं वारं शिरलं. हेब्बाळच्या फाट्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागली होती. "पूर्वी इथं सगळी रागीची, म्हणजे नाचणीची शेतं," मी सांगितलं. पुढं नारळीच्या बागा, तांबडी माती, वडाची झाडं. "ही झाडं राजानं लावलीत!" मी इतक्या मोठ्यानं सांगितलं की पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून बघितलं. कुठल्या राजानं ते दत्तोबांनी विचारू नये म्हणून मी लगेच दुसरं झाड दाखवलं. अशी झाडं दाखवता दाखवता येलवाल आलं. घाईनं उतरलो. बस गेली. मग हाताकडं बघितलं.

पिशवी वरच्या फळीवर राहिली होती.

मी बसमागं धावलो. म्हणजे मला तसं वाटलं. दत्तोबा नंतर म्हणाले, तुम्ही जागीच हलत होता.

शाळेत वर्गातले बाक पायऱ्यांसारखे रचून त्यांवर पांढरं धोतर अंथरलं होतं. पोरं मांडी घालून वाट बघत होती. वरची पायरी मोकळी. मी आत जाऊन सांगितलं, "राजा-राणी हुणसूरला गेले."

"फिरायला?" एका पोरीनं विचारलं. सगळा वर्ग हसला. हेडबाई हसल्या नाहीत. त्यांनी डेपोत कुणाला तरी फोन लावला आणि म्हणाल्या, "बस मिळाली तर परत येताना देतील, अज्जा (आजोबा). स्टॉपवर थांबा."

स्टॉपवर हुणसूरकडून बस आली की मी उठायचो, गेली की बसायचो. दत्तोबा फटकळ, माझ्यासारखेच.

"पाव्हणं, द्यायलाच निघाला होता नव्हं? मग तोंड का असं?"

"द्यायच्या होत्या. हरवायच्या नव्हत्या."

"त्यात काय फरक?"

मी म्हणालो, "गप बसा."

शेवटी एक बस थांबली. कंडक्टरबाई दारातच पिशवी धरून उभी. पिशवीतून राणीचं तोंड बाहेर आलेलं, कपाळावर शेवंतानं लावलेली टिकली. बाई कन्नडमध्ये ओरडली, "काय हो अज्जा! राणीला असं गाडीत विसरून कुणी उतरतं का?"

मी पिशवी घेतली आणि छातीशी धरली.

शाळेत मी जोडी वर ठेवली. वर्ग ओरडला, "उलटं! उलटं!" राणी राजाच्या डावीकडं हवी म्हणे. लग्न झाल्यापासून दर दसऱ्याला बघत आलो, पण माझं लक्ष खाऊकडं. हेडबाईंनी बाजू बदलल्या. पोरांनी गाणं म्हटलं. आम्हाला भात-सांबार मिळालं, मीठ कमी होतं, मी तसं सांगितलं.

निघताना हेडबाई म्हणाल्या, "अज्जा, परवापासून दसऱ्याची सुट्टी. शाळेला कुलूप. दसऱ्याच्या संध्याकाळी यांना झोपवायचं कुणी?"

सणाच्या शेवटी संध्याकाळी जोडीला आडवं करून झोपवतात. ते झोपवल्याशिवाय सण संपत नाही. दर वर्षी शेवंता झोपवायची, वर तिच्याच जुन्या पदराचा तुकडा पांघरायची. कुलूपबंद वर्गात दोघं आख्खी सुट्टी उभी राहणार, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"पोरांचं बघून झालं ना?" मी म्हणालो. "मग आणा इकडं."

परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टरनं विचारलं, "एष्टु?" (किती?)

"तीन," मी म्हणालो. "त्यात एक बाई."

आमच्याकडं सरकारी बसमध्ये बायकांना फुकट, शून्याचं तिकीट मिळतं. शेवंता बरोबर असली की मी असंच सांगायचो, आणि ती म्हणायची, तिकीट काढणारे तुम्ही, मी मालकीण. जीभ सवयीनं बोलून गेली. कंडक्टरनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"बाई कुठाय?"

दत्तोबा माझ्याकडं बघत होते. मी पिशवी उघडली आणि राणीला बाहेर काढलं.

"ही."

"आधार कार्ड दाखव तिचं," कंडक्टर म्हणाला, आणि सगळी बस हसली. मीही हसलो. डोळे पुसले ते हसून पाणी आलं म्हणून, असं दत्तोबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

तर सांगलीकर मंडळी, आमचं मैसूर असं आहे. राजवाडा आतून कसा आहे ते मला ठाऊक नाही, झाडं कुणी लावली तेही नाही. मला गाईड म्हणून घेऊ नका. पण दसऱ्यात आलात तर दारातून विचारा, गोंबे कूरसिदीरा? मी हो म्हणेन. राणी कुठल्या बाजूला असते ते आता मला माहीत आहे.