बसऱ्याला गेलेल्यांचं गाऱ्हाणं

गल्फमधून परत आलेला माणूस आधी घराला रंग काढतो आणि मग गाडी घेतो, असा जयगडातला शिरस्ता. मुसा सोलकर १९९८ साली सौदीतून कायमचा परत आला, त्यानेही घराला रंग काढला, आणि सायकल घेतली. ती पण जुनी. त्याची बायको झुबेदा शेजारणींना सांगायची, "वीस वरसां ट्रेलर चालवलान, आता पाय चालवतोय. डोकं चालवायचं तेवढं राहिलंय."

मुसा हसून सोडून द्यायचा. वाळवंटातल्या सरळसोट रस्त्यावर पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, आणि कानात दिवसभर हॉर्न, असं अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला काय हवं असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. त्याला हवी होती शांतता, आणि ती त्याला गावावरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या पठारावर, सापडली. खाडीच्या बाजूने डांबरी रस्ता झाल्यापासून सड्यावरची जुनी गाडीवाट लोकांनी सोडूनच दिली होती. तिच्यावर आता गुरं, टिटव्या आणि मुसा. चाकाखाली कातळ कुरकुरायचा, वारा कानाशी बोलायचा, बाकी काही नाही. रोज सकाळी वर आला की तो सायकल थांबवून मोठ्याने अल्लाचे आभार मानायचा. ऐकायला कुणी नसायचं, त्यामुळे लाजायचंही कारण नव्हतं.

एकदा कोल्हापूरचे एक मास्तर किल्ला बघायला आले आणि त्यांची एसटी चुकली. पुढची गाडी येईपर्यंत करायचं काय, म्हणून मुसाने त्यांना शेजारची सायकल मिळवून दिली आणि सड्यावर नेलं. मास्तर इतके खूष झाले की पुढच्या थंडीत चार मित्र घेऊन आले, आणि ते चौघे त्याच्या पुढच्या वर्षी आपापले मित्र घेऊन. मुसाच्या नकळत त्याचा धंदा सुरू झाला. त्याचा नियम एकच होता, घाई करायची नाही. कुणी जोरात पायडल मारत पुढे निघाला की मुसा मागून हाक द्यायचा, "अहो, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! सडा कुठं पळून चाललाय काय?"

तो सगळा मुलूखच लढायांचा. वाटेवर आधी जयगडचा बुरूज. मग वरचा भरतीचा माळ, तिथं म्हणे गोरे साहेब पोरांना रांगेत उभं करून त्यांच्या छात्या मोजायचे. पुढे एखाद्या घरात आजोबांची पदकं खुंटीला टांगलेली, त्यांच्या शेजारीच इरलं. आणि सगळ्यांत शेवटी सडेवाघण. या गावाच्या देवळाबाहेर संगमरवराचा छोटा दगड आहे. १९१४ च्या लढाईला गावातून एकवीस माणसं गेली आणि चौघं कामी आली, एवढंच त्यावर कोरलेलं. नावं नाहीत. एकवीसांपैकी इराकातल्या बसऱ्याला गेली ती हीच चौघं.

सडेवाघणची माणसं मुसाच्या पाहुण्यांना नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढायची. एका शिमग्याला तो पाहुण्यांसकट तिथं असताना पालखी सहाणेवर, तिच्या चौथऱ्यावर, बसली होती आणि गावाचा मानकरी, गावकर काशीराम, देवाला गाऱ्हाणं घालत होता. मुंबईला असलेल्यांना सांभाळ, गुराढोरांना सांभाळ, असं करत करत तो म्हणाला, "बसऱ्याच्या लढाईला गेलेली आमची चार लेकरं सुखरूप घरी आण, म्हाराजा!" आणि सगळा गाव गरजला, "व्हय म्हाराजा!"

मुसाला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. ऐंशीच्या वर वर्षं झाली, आणि अजून?

काशीरामने त्याला नंतर समजावून सांगितलं. मागणं गाऱ्हाण्यात घालायला गावकर पुरे होतो, पण ते काढायचं तर ज्याच्यासाठी घातलं त्यानेच यावं लागतं. देवापुढे उभं राहून 'पावलास' म्हणावं लागतं. तो नाही तर त्याच्या रक्ताच्या माणसाने. ती चौघं आलीच नाहीत, आणि घरच्यांनी काढायचं म्हणजे मेले म्हणून कबूल करायचं. ते कोण करणार? तेव्हा मागणं तसंच चालू राहिलं. चौघं एकाच भावकीतली, आणि त्यांच्या रक्ताचं आता गावात एकच माणूस उरलं होतं, हौसा. त्या चौघांतला तिचा बाप गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती.

हौसाआजी मुसाची लाडकी झाली. तो आला की ती विचारायची, "आलास काय रे, चाकावरच्या?" आणि भाकरीवर लोणी जरा जास्तच घालायची. २००३ च्या माघात तो गेला तेव्हा ती म्हणाली, "ह्या शिमग्याला मी माज्या बापाचं नि बाकीच्या तिगांचं काढतंय. मुंबयवाली पोरं बोलतात, म्हातारे, मेलेल्यांना कसलं बोलवतंस. आनि मीपन थकलंय. किती वाट बघायची?"

"बरोबर आहे, आजी," मुसा म्हणाला. त्याला खरंच बरोबर वाटलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी फहादचा दुबईहून फोन आला. फहाद हा मुसाचा एकुलता एक मुलगा, मालाच्या लाँचवर खलाशी. "बाबा, आमची लाँच बसऱ्याला चाललीय. आठवड्यात परत येतो."

आठवडा गेला. दुसराही गेला. फहादचा फोन नाही, आणि टीव्हीवर दिवसभर एकच गोष्ट, इराकात लढाई आज लागते की उद्या. बसऱ्याचं नाव आलं की झुबेदा आवाज वाढवायची आणि मग स्वतःच टीव्ही बंद करायची. तिची ती जीभ कुठे गेली कोण जाणे. ती सारखी कुराणातलं यासीन पढत बसायची. मुसा सायकलवर बसेनासा झाला.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. आज सडेवाघणला पालखी सहाणेवर बसणार. आज हौसाआजी बसऱ्याचं मागणं काढणार. इतकी वर्षं एक अख्खा गाव बसऱ्याला गेलेल्यांना घरी आण म्हणून ओरडत होता, आणि ते थांबणार होतं आजच, त्याचा मुलगा तिथं अडकलेला असताना.

"मी सडेवाघणला जाऊन येतो," तो म्हणाला आणि घुटमळला. "त्यांचा देव आहे ते मला कळतं, झुबेदा. मागणारे तेच आहेत. मी फक्त थांबू नका म्हणायला चाललोय."

झुबेदाने कुराण मिटून छातीशी धरलं. "मला काय समजावता? आईच्या जिवाला कोण कुठून मागतंय ते दिसत नाही. जावा तुम्ही. आणि आज तरी जोरात चालवा."

घाई करू नका म्हणून जगाला सांगणारा मुसा त्या दिवशी गुडघ्याला बाशिंग बांधल्यासारखा निघाला. चढावर नेहमी तो उतरायचा, आज उतरला नाही. मार्चचं ऊन, काळा कातळ तापलेला, सावलीला एक झाड नाही. टिटव्या ओरडत उठल्या तरी त्याला ऐकू आल्या नाहीत. त्याचे कान ढोलाकडे लागले होते. ढोल थांबले की गाऱ्हाणं सुरू होतं. भरतीच्या माळापर्यंत ढोल ऐकू येत होते. माळ ओलांडला आणि ते थांबले.

तो सहाणेपाशी पोचला तेव्हा काशीराम पालखीसमोर हात जोडून उभा होता आणि हौसाआजीला दोघी सुनांनी धरून पुढे आणलं होतं. मुसाने सायकल तशीच टाकली आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. श्वास लागला होता.

"आजी, आज काढू नको. माझा फहाद बसऱ्याला आहे. लढाई लागतेय गं. पोराचा पत्ता नाही."

मुंबईहून आलेला एक जण काहीतरी बोलायला गेला, त्याला बायकोनेच कोपर मारलं. मुसाला आता स्वतःची लाज वाटू लागली. या बाईने आयुष्यभर बापाची वाट पाहिली, आज कुठे ती मोकळी होणार, आणि आपण तिला म्हणतोय, अजून थोडी पाहा.

हौसाआजीने त्याच्याकडे बघितलं, मग पालखीकडे. "नाव काय बोललास पोराचं?"

"फहाद."

"काशीराम," ती म्हणाली, "माजं ऱ्हाऊंदे. बापासंगती ह्येच्या पोराचं पन घाल. येकटा बोलावून न्हाय आला, सोबत असली तर दोगं येतील."

काशीरामने पुन्हा हात जोडले. "बा म्हाराजा! बसऱ्याला गेलेली आमची चार लेकरं, आनि आमच्या मुसाचा फहाद, अशी पाच लेकरं सुखरूप घरी आण, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव असा ओरडला की पालखीवरची झूल हलल्यासारखी वाटली. मुसा 'आमीन' म्हणाला, आणि मग रडला, सगळ्यांसमोर, लहान मुलासारखा. 'आमच्या मुसाचा' हे शब्द त्याला कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

लढाई लागली. पुढचा महिना त्या घराने कसा काढला ते त्या घरालाच माहीत. एप्रिलच्या शेवटी फोन वाजला. लढाई लागायच्या आदल्या रात्री नाखव्याने लाँच दिवे विझवून पलीकडच्या इराणी काठाला नेली होती आणि तिथंच ती अडकून पडली होती, फोनशिवाय. सगळे जिवंत होते. मे महिन्यात फहाद घरी आला, हाडांचा सापळा होऊन, पण आला. झुबेदाने त्याला पोटभर जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवशी मुसाला म्हणाली, "आता त्याला आधी तिकडं घेऊन जावा. नियम तो नियम."

फहादला सायकलचा भारी कंटाळा, पण निमूट निघाला. सडेवाघणच्या देवळात काशीरामने त्याला उभं केलं आणि तो सांगितल्याप्रमाणे म्हणाला, "पावलास." हौसाआजीने त्याला जवळ बसवून त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बसऱ्याहून परत आलेलं माणूस तिने जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं.

"येक विचारू?" ती म्हणाली. "थितं सावली हाय काय रे?"

फहादला क्षणभर प्रश्नच कळला नाही. मग त्याने दाराबाहेरचा उघडा, तापलेला सडा बघितला. "आहे, आजी. नदीच्या दोन्ही काठांना खजुरीच खजुरी. चालत गेलं तरी डोक्याला ऊन लागत नाही. पाणी पण जवळच. आम्ही तिथंच झोपायचो."

हौसाआजीने डोळे मिटले. जन्मल्यापासून तिने मनात बापाला उन्हात पडलेलं बघितलं होतं, असं ती मग म्हणाली. कुणी सांगितलं नव्हतं, पण लढाई म्हटलं की तिला सडाच दिसायचा.

"मग बरं हाय," ती म्हणाली. "काशीराम, काढ आता. चौगांचं पन काढ. सावलीत हायत ती."

काशीरामने देवाला तसं सांगितलं आणि ती हात जोडून म्हणाली, "पावलास." मुसा उठला, देवळाच्या पायरीखाली उभा राहिला आणि शिमग्यासारखा गाव जमलेला नव्हता म्हणून सगळ्या गावाच्या वतीने म्हणाला, "व्हय म्हाराजा."