दाजी आणि उसाचा रस

आमच्या ह्यांना अख्खा गाव दाजी म्हणतो. पेणच्या खाडीकडेला आमची भातशेती. चाळीस वर्षं हे सकाळी उठून बांधावरनं फिरतात, खेकड्याचं बीळ दिसलं की चिखल थापून बुजवतात. एक जरी राहिलं तर खारं पाणी शेतात शिरतं, मग पीक गेलंच. दारूला कधी शिवले नायत. चहासुद्धा बिनसाखरेचा, गोड म्हटलं की तोंड वाकडं.

लेक रोह्याजवळ वरसे गावात दिलीय. तिनं ह्यांना रोह्याच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, "लिव्हरवर चरबी साठलीय, सूज आहे." दारू न पिणाऱ्याला लिव्हर? पुढचं मी ऐकलंच नाय. डोक्यात एकच, कावीळ. आणि कावीळ म्हटली की आमच्याकडं उसाचा रस. शेजारची ठमाबाई पण म्हणाली, "पाज गो, लिव्हर धुऊन निघतंय." महिनाभर रोज दोन पेले. हे नको नको म्हणायचे, मी म्हणायची, गप प्या, शहाणपणा नको.

महिन्यानं परत रक्त तपासलं, तर सूज वाढलेली. डॉक्टर म्हणाले, "काका, आतड्यात चांगले-वाईट जंतू असतात. गोडानं वाईट माजतात, आतड्याचं अस्तर पोखरतात. त्यांचं विष रक्तातून थेट लिव्हरला जातं."

"म्हणजे खेकड्यांनी बांध पोखरला," हे म्हणाले.

"अगदी तसंच. आणि लिव्हर एकदा दगडासारखं घट्ट झालं की सहसा मागं येत नाही. रस कुणी प्यायला सांगितला?"

मी ह्यांच्याकडं बघितलं.

"कुणी नाय," हे म्हणाले. "मलाच गोडाची भारी आवड. ही नको म्हणत होती."

डॉक्टरांनी ह्यांना फैलावर घेतलं. हे मान खाली घालून ऐकत बसले आणि मी मेली गप्प. मग लिव्हर किती घट्ट झालंय ते मशीनवर तपासलं. लिव्हर अजून दगड झालं नाय, पण त्याच वाटेवर हाय. गोड बंद, भात कमी, वालाची उसळ, ताक, रोज चालणं. तीन महिन्यांनी परत मशीन.

घरी येऊन बिनसाखरेचा चहा ह्यांच्या हातात दिला. म्हटलं, खोटं का बोललात?

"बीळ दिसलं की बुजवायचं. पाडलं कुणी ते इचारत नाय बसायचं."

मी पदरात तोंड घालून रडले. हे चहा पिऊन बांधावर गेले. आता तीन महिने व्हायला अजून अडतीस दिवस हायत, मी रोज बोटांवर मोजते.