रिकामा तास

दर सोमवारी सकाळी अण्णा वेळापत्रकाच्या फळ्यासमोर उभे राहायचे, ओठांत दोन टाचण्या धरून. त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं कळायचं नाही. एक वाक्य मात्र टाचण्यांसकट कळायचं, "रिकामा तास चालणार नाही."

बनशंकरीतल्या आमच्या खासगी शाळेचे ते उपमुख्याध्यापक. फळ्यावर प्रत्येक शिक्षकाच्या चिठ्ठ्यांचा रंग वेगळा. विज्ञानाच्या, म्हणजे माझ्या, हिरव्या. वयानं वीस वर्षांनी मोठे असून ते मला अक्का म्हणायचे. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्पिढ्या इथं कानडी मुलखातलंच, मी पुण्याहून लग्न होऊन आलेली. त्यांच्या मराठीला मी हसले की म्हणायचे, "तुमचं मराठी इस्त्रीचं अक्का, आमचं रोजच्या वापरातलं."

शेजारी पोहण्याचा तलाव असलेली मोठी शाळा निघाली आणि आमच्याकडची मुलं गळायला लागली. पगार कधी वेळेवर, कधी पुढच्या महिन्यात. शिक्षक एकेक करून निघाले. गेलेल्यांच्या चिठ्ठ्या अण्णा फेकायचे नाहीत, बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे. "परत आले तर?" कुणी परत येणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

तास भरायला मग त्यांनी कुणाकुणाला उभं केलं म्हणून सांगू! स्वतः ते गणितापासून चित्रकलेपर्यंत सगळीकडे होतेच. एका सोमवारी फळ्यावर खाकी चिठ्ठी दिसली. मुलांअभावी शाळेची एक बस बंद झाली होती. तिचा ड्रायव्हर आनेकलचा, घरी नाचणीचं शेत. त्याला अण्णांनी सातवीच्या वर्गात धाडलं. तो मुळांसकट रोपं घेऊन आला आणि तासभर मातीवर बोलला. पुढच्या आठवड्यात मुलं मला विचारतात, "मिस, ड्रायव्हर सर कधी येणार?" मला हसू आलं, आणि थोडा रागही.

शेवटी मलाही कोरमंगलातल्या एका ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीत नोकरी मिळाली. घर माझ्या पगारावर चालत होतं, थांबणं शक्य नव्हतं. दहावीचं निम्मं विज्ञान मात्र शिकवायचं राहिलं होतं. अण्णांना सांगताना माझी मान वर होईना. "सरी, अक्का," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि हिरव्या चिठ्ठ्या काढून डब्यात टाकल्या.

पहिल्याच शनिवारी दुपारी दहावीतल्या एका मुलीचा फोन. "मिस, शेवटचा तास तुमचा लागलाय. आम्ही बसलोय."

मी तणतणत अण्णांना फोन लावला.

"अय्यो, चुकलं की अक्का! सवयीनं लागली चिठ्ठी. थांबा, पोरांना घरी धाडतो."

अण्णांची चिठ्ठी चुकलेली मी दहा वर्षांत पाहिली नव्हती. "बसू दे त्यांना," म्हटलं आणि घरातल्याच चपलांवर ऑटो पकडली. पोचले तर अण्णा शेवटच्या बाकावर, मुलांसारखेच वही उघडून बसलेले. परीक्षेपर्यंत एकही शनिवार सुटला नाही. दर आठवड्याला अण्णा तीच चूक करत राहिले आणि मी जात राहिले. सगळी मुलं पास झाली. इतकं समाधान मला कुठल्या पगारानं दिलेलं नाही, खरंच सांगते.

पुढे शाळा दुसऱ्या संस्थेनं घेतली. अण्णा निवृत्त होऊन धारवाडला मुलीकडे गेले. जाताना ज्याची त्याची चिठ्ठी हातात देऊन गेले. आता शाळेचं वेळापत्रक संगणक करतो म्हणे.

परवा त्या ड्रायव्हरचा फोन आला. नव्या संस्थेनं त्याला बसवर ठेवून घेतलंय.

"मिस, सहावीचा तास रिकामा होता. संगणकानं तसं लिहूनच दिलं होतं, फ्री म्हणून. पोरं नुसती बसली होती."

"मग?"

"मग काय, चिठ्ठी खिशात होतीच. दाराला टाचली आणि गेलो आत."