पुन्हा बूड टेकायचं नाही

एप्रिलचा शेवटचा दिवस, तरी उत्तरेकडच्या उप्साला शहरावर बर्फाळ पाऊस रपरपत होता. विद्यार्थी मंडळाच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात ओर्यान उकडलेले बटाटे सोलत होता आणि वर खुर्च्या मांडणाऱ्या पोरांना शिव्या घालत होता.

"हे म्हणे विद्यार्थी! बटाटा सोलता येत नाही, गाणार काय कपाळ!"

हा स्वतः चाळिशी उलटलेला विद्यार्थी. धर्मशास्त्र सोडलं, कायदा सोडला, इतिहास सुटत आलेला. खिशातली विद्यार्थ्यांची पांढरी टोपी म्हाताऱ्याच्या दातांसारखी पिवळी पडलेली. पण वसंतातल्या हेरिंग माशाच्या न्याहारीला हातात घंटा घेऊन गाणी सांगायचा मान त्याचा, आणि तेवढ्यावर गडी वर्षभर बेडकासारखा फुगून असायचा.

मंडळाची अध्यक्ष तूवा बटाटे न्यायला आली. "ओर्यान, पोरं कंटाळलीत तुला. आज चुकलास तर घंटा माल्टेकडे."

"माल्टे? तो कालचा पोरगा शिंकतोसुद्धा बेसूर!"

न्याहारीला त्याने नव्या पोरांना दरडावलं, "शेवटचं गाणं खुर्चीवर उभं राहून. संपलं की उतरायचं आन् थेट दार गाठायचं. पुन्हा बूड टेकेल त्यानं मंडळाचं नाक कापलं. कळलं का, गाढवांनो?"

हेरिंग झाली, दारूचे इवलाले पेले रिकामे झाले. शेवटच्या गाण्याला ओर्यान खुर्चीवर चढला आणि छप्पर उडेल असा गायला. मग उतरताना गुडघ्याने दगा दिला. पोटासकट गडी धप्पकन खुर्चीत बसला.



"बसा आजोबा, बसा!" माल्टे ओरडला. "कॉफी आणू का?"

हशा पिकला. ओर्यान तूवाकडे बघून पुटपुटला, "अगं, गुडघा..."

मागच्या वसंतात तिचा पाय मुरगळला होता, म्हणून ती अशीच टेकली होती. तेव्हा सगळ्यांदेखत हाच खेकसला होता, "पाय गेला तर रांगत जा!"

"गुडघा गेला?" तूवा म्हणाली. "मग रांगत जा." आणि त्याच्यापुढची घंटा उचलून तिने माल्टेच्या हातात दिली.

ओर्यान कठड्याला धरून तळघरात उतरला. संध्याकाळच्या जेवणाचे बटाटे सोलायचे पडले होते.

"बेसूर मेले," असं भिंतीला सांगून त्याने स्टुलावर बूड टेकलं आणि सुरी उचलली.