टोपलीवरचं फडकं

पालघरच्या कोर्टाबाहेर मी प्रतिज्ञापत्रं टाइप करतो. समोर बसणाऱ्या कोळणीकडून खाडीची कोळंबी घ्यायचो. मोजून झाल्यावरही मूठभर जास्त टाकायची तिची सवय. तिचं नाव मला तिनं माझ्याकडून करून घेतलेल्या प्रतिज्ञापत्रामुळे कळलं. इथे लिहीत नाही.

खाडीत केमिकलचा टँकर रिकामा होताना तिनं पाहिला होता. पोलिसांत दिलेला तो जबाब तिला मागे घ्यायचा होता.

"टँकर बगितलाच नाय, असं लिव. गाव बोलतंय, आता आमची मासली कोण घेल?"

लिहिलं. तिनं अंगठा उठवला. मी सवयीनं तिच्या सोबतच्या टोपलीकडे हात नेला, तशी तिनं टोपलीवर फडकं ओढून घेतलं.

"तू नको नेऊ, भाऊ. घरात पोर हाय तुज्या."

मग ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि गिऱ्हाइकांना हाका मारू लागली.