दोष सांगा, कुत्रा मिळेल

मी नोकरी काय करते हे लंडनमधल्या ईलिंगच्या आमच्या भिशीत सांगितलं की पहिली पाच मिनिटं कुणाचा विश्वासच बसत नाही. "म्हणजे तू सैनिकांना कुत्री वाटतेस?" वाटत नाही हो! आर्मीतून जखमी होऊन बाहेर पडलेल्या लोकांना शिकवून तयार केलेला मदतनीस कुत्रा देणारी एक छोटी चॅरिटी आहे, तिथे आलेले अर्ज मी बघते. पुण्यात असताना कुत्रं दिसलं की मी रस्ता बदलायचे. आता कार्डिगनपासून कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळीकडे केस! किस्सेही तसेच, कितीही झटका, रोज नवे चिकटतात.

ऑफिसात आम्ही तिघं. गॅरी स्वतः आर्मीतला, डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम. अर्जदारांच्या मुलाखती तो घेतो आणि शेवटचा निर्णय देणाऱ्या पॅनेलला कळवतो. मॉरीन कुत्री शिकवते. आणि मी, शुभदा, दोघांना चहा देते आणि दोघांवर ओरडते.

* * *

एकदा इथल्या मराठी मंडळातल्या देशपांडेकाकांचा फोन. "अगं, तुमच्या कुत्र्यांना ते जॅकेट असतं ना, ते आमच्या ब्रूनोला मिळेल का? म्हणजे सुपरमार्केटमध्ये नेता येईल."

"काका, तुम्ही आर्मीत होतात?"

"एनसीसीत होतो!"

"बरं. आजार कुठला?"

"गुडघे दुखतात की!"

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतो, रोज चाला."

"मग ब्रूनोला घ्या आणि चाला!"

काका पुढे गणपतीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. गणपतीत बोलले ते ब्रूनोबद्दलच.

* * *

लोकांना वाटतं, मेडल दाखवलं की कुत्रा मिळतो. छे! आधी डॉक्टरांचं निदान हवं, उपचार चालू हवेत, घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी हवी, आणि घरात राहणाऱ्या प्रत्येकाचा होकार हवा. हे सगळं जुळलं तरी गॅरीचा एक प्रश्न उरतोच. तो म्हणतो, बाकीचे कागद आहेतच, मला एवढंच सांगा: "सकाळी सहा वाजता धो धो पाऊस पडतोय, कुत्र्याला बाहेर जायचंय. कोण नेणार?"

एक रिटायर्ड सार्जंट मेजर आला होता. मिशा अशा की आमची कुत्रीसुद्धा सरळ बसली. गॅरीने प्रश्न विचारला. साहेब ताठ मानेने म्हणाले, "मी ताबडतोब ऑर्डर देईन!"

"कुणाला?"

"बायकोला!"

गॅरीने पेन खाली ठेवलं. "सर, तुमच्या बायकोने अर्ज केलेला नाही."

बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "करू का? मला चालेल. हे नाही आले तरी!"

* * *

आमच्या कुत्र्यांना खाण्याला तोंड न लावण्याची शिकवण असते. जमिनीवर बर्गर पडलेला असो, सॉसेज असो, ढुंकून बघायचं नाही. मॉरीनला त्याचा फार अभिमान. एक दिवस मी डबा उघडला. थालीपीठ आणि वर लोण्याचा गोळा. रस्टी नावाचा अतिशय सभ्य लॅब्रडोर, पास होऊन बसलेला, उठला, माझ्याकडे आला आणि डबाच घेऊन गेला. झाकणासकट!

मी बोंब मारली. मॉरीन मात्र खूश! वहीत लिहून घेत म्हणाली, "शुभदा, हे नक्की काय आहे? दर शुक्रवारी आणशील?"

तेव्हापासून आमच्याकडे शेवटची परीक्षा थालीपीठाची. मॉरीन म्हणते, ज्याने ते सोडलं त्याला जगात कशाची भीती नाही. परीक्षा संपली की थालीपीठ मॉरीन खाते!

* * *

निखिल मेश्रामचा अर्ज आला तेव्हा आडनाव बघूनच मी खुर्चीत सावरून बसले. आपला मुलगा! हाउन्सलोत वाढलेला, इथल्या आर्मीत गेलेला, अफगाणिस्तानात होता. अंगावर जखम म्हणावी अशी दिसत नाही, पण गर्दीत जीव घाबरा होतो, मागून कुणी आलं की पाय जागच्या जागी थिजतात. डॉक्टरांनी सगळं लिहून दिलेलं. मी फोन केला तर म्हणाला, "शुभदाताई, मला काय मोठं नको. मला फक्त कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं आहे. एकटा. दूध आणायला."

एवढंच मागणं! मी फोन ठेवला आणि उगाचच दोनदा चहा केला.

त्याच्यासाठी हेझल नावाची लॅब्रडोर मॉरीनने मनात धरलीही होती. राहिली होती फक्त होम व्हिजिट. घरात आई आणि तो, दोघंच. वडील वारले. आई नागपूरच्या, एअरपोर्टच्या किचनमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या. मी आणि गॅरी गेलो. दारातच मावशी, म्हणजे निखिलची आई, म्हणाल्या, "जय भीम, या न, बसा न!" आत बघते तर टेबलावर सांबारवडी, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडी, शिरा, चिवडा. निखिल कडक इस्त्रीच्या शर्टात, छातीवर मेडल्स. आणि मावशी नव्या साडीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गॅरीने विचारलं, "निखिल दुकानात जातो का?"

निखिलने तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "डेली! डेली गोइंग!"

"झोप लागते?"

"व्हेरी गुड स्लीपिंग!"

"चिडचिड? घाबरणं?"

"नो, नो! माय सन, व्हेरी फिट! नो प्रॉब्लेम! टेक वन मोर वडी!"

निखिल कार्पेटकडे बघत बसला. आईला खोटं पाडायचं कसं? तेही पाहुण्यांसमोर!

गाडीत बसल्यावर गॅरीने पट्टा लावला. मग म्हणाला, "कागद म्हणतात हा माणूस आजारी आहे. घर म्हणतं ठणठणीत आहे. पॅनेल मला विचारणार, तू डोळ्यांनी काय पाहिलंस? काय सांगू, वडी छान होती?"

आणखी एकदाच जाता येणार होतं. तिथेही हेच झालं असतं तर हेझल यादीतल्या पुढच्या माणसाकडे गेली असती.

* * *

मी मावशींना फोन लावला. अगदी सरळच बोलले. "मावशी, तुम्ही तर लग्नाचा मुलगा दाखवलात!"

"मंग काय करू? परके लोक घरी आले, त्यायच्यासमोर पोराचे दोष सांगू?"

"हो! इथे उलटं आहे. दोष सांगितले तरच हे स्थळ जमतं!"

मावशी मग म्हणाल्या, "पोरगा फौजेत गेला तवा साऱ्या विहारात पेढे वाटले मी. आता त्याच लोकायले सांगू का, माह्या पोराले दुकानात जाता येत नाही म्हणून?"

"लोकांना नका सांगू. गॅरीला सांगा. त्याचा स्वतःचा पाय नाहीये, मावशी."

"त्याचा पाय गेला ते दिसते तरी," मावशी म्हणाल्या. "माह्या पोराचं काय गेलं, कोणाले दिसते?"

मी दुसऱ्या व्हिजिटची तारीख सांगितली आणि फोन ठेवला. मी पुण्याची असून एकही सल्ला दिला नाही, यातच काय ते समजा.

* * *

दुसऱ्या व्हिजिटला साडी साधी, टेबलावर फक्त चहा. मावशी खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "मी सांगते. तू त्याले इंग्लिशमध्ये सांग."

आणि सुरू! पोरगा ओला टॉवेल पलंगावर टाकतो. कारलं खात नाही. लहानपणी गणितात नापास झाला. मामाच्या लग्नात रुसून बसला. एकदा शेजारणीची काच फोडली. गॅरी इमानदारीत सगळं लिहून घेत होता. मी हळूच म्हटलं, "मावशी, एवढे नकोत!"

"तूच तं म्हणाली, दोष सांगा!"

निखिल हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याचं हसू बघून मावशी मात्र थांबल्या. चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि खाली बघत बोलायला लागल्या. रात्री तो ओरडतो. नावं घेऊन हाका मारतो, इंग्रजी नावं. एकदा दचकून उठला तो तसाच अनवाणी रस्त्यावर गेला. तेव्हापासून त्या वरच्या मजल्यावर, त्याच्या दाराबाहेर, पॅसेजमध्ये गादी टाकून झोपतात. तो उठायच्या आधी गुंडाळून ठेवतात.

निखिल उठून उभा राहिला. "आई? तू बोलली होती गादी पाठीसाठी आणली. योगाला!"

"हो," मावशी म्हणाल्या. "मले कुठचा योगा येते, बापा?"

मी गॅरीला इंग्रजीत सांगायला लागले, पण त्या हाकांपर्यंतच पोचले. उरलेलं निखिलने सांगितलं. स्वतःच्या तोंडाने, आईकडे बघत, सगळं.

गॅरीने वही मिटली. "मी पॅनेलला हो सांगणार. माझं हो आजवर कुणी फिरवलेलं नाही." मग तो माझ्याकडे वळला. "आईंना सांग, हेझल निखिलच्या पलंगाशेजारी झोपेल. तो झोपेत ओरडायला लागला की तीच त्याला उठवेल, दिवा लावेल. तिला तेच शिकवलंय. त्यांनी आता दाराबाहेर झोपायचं कारण नाही."

मी मराठीत सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. मावशींनी ऐकलं, मान हलवली, कप टेबलावर ठेवला. एकदा वर जिन्याकडे पाहिलं.

"मंग मी कुठं झोपू?"